गोव्याला जाताना

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही वडीलधारी मंडळी रेडिओचा कान पिळतील अशी मला धास्ती वाटते. विषय आहे गोव्याच्या सहलीचा. मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनाला जाणाऱ्यांविषयी मला आज बोलायचे नाही. ती मंडळी नीट जातात आणि नीट परत येतात. मला बोलायचे आहे ते परीक्षा संपल्याबरोबर, किंवा डिसेंबर उजाडल्याबरोबर, चार-सहा मित्र मिळून एक गाडी ठरवतात आणि कळंगुट-बागा गाठतात, त्या आपल्या पोरांविषयी. आणि पोरींविषयीही, कारण त्याही जातात, आणि त्यांनी जाऊ नये असे म्हणणारा मी कोण?

मी एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. वर्गात फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढून भरती-ओहोटी समजावून सांगतो, मुले ती पाठ करतात, पाचांपैकी चार गुण मिळवतात आणि मे महिन्यात समुद्रावर जाऊन त्या पाठ केलेल्या गोष्टीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून म्हटले, आज फळा बाजूला ठेवून बोलावे.

सोलापूरहून गोवा पूर्वी लांब होते. आता विजापूर-बेळगाववरून घाट उतरा, नाहीतर मिरज-आंबोलीवरून सावंतवाडी गाठा, चारशे किलोमीटरच्या आसपासचा मामला. २०२५ च्या जूनमध्ये तर सोलापूरहून थेट गोव्याला विमान सुरू झाले. तेव्हा 'आमच्या गावचा पोरगा कशाला जातोय तिकडे' असे म्हणण्यात अर्थ नाही. मंद्रूपचा जातो, करमाळ्याचा जातो, अक्कलकोटचाही जातो. घरी मात्र सांगून जातो की मित्राच्या बहिणीचे लग्न आहे, किंवा कॉलेजचे काहीतरी काम निघाले आहे.

श्रोतेहो, माझ्या मते सगळ्यांत मोठा धोका येथेच आहे. तो समुद्रात नाही की दारूत नाही. एक उदाहरण सांगतो. एक विद्यार्थी असाच गेला, रात्री भाड्याच्या स्कूटरवरून पडला, मांडीचे हाड मोडले. बरोबरच्या मित्रांनी त्याला इस्पितळात नेले, हे चांगले केले. पण घरी फोन करायला कोणी धजेना. का? तर घरी सांगितले होते की मुले पुण्याला आहेत. शस्त्रक्रियेसाठी घरच्यांची संमती हवी, पैसे हवेत, आणि चार तरणीताठी मुले इस्पितळाच्या पायरीवर बसून 'आता काय थाप मारायची' याचा विचार करीत बसली! दुसऱ्या दिवशी दुपारी बापाला कळले. तो बाप नंतर मला म्हणाला, "सर, पाय मोडल्याचं काही नाही, हाड जुळतं. पण पोराला माझी एवढी भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं."

आईबापांनो, मुलाला 'जाऊ नकोस' म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पण तो जाणारच असेल, तर निदान खरे सांगून जाईल एवढी वाट मोकळी ठेवा. कोणत्या गावात, कोणत्या लॉजवर उतरणार, बरोबर कोण, गाडीचा नंबर काय, एवढे एका कागदावर लिहून घ्या. रागवायचे असेल तर तो परत आल्यावर रागवा. तेव्हा भरपूर वेळ असतो.

आता समुद्राकडे वळू.

आपल्याकडचा मुलगा विहिरीत पोहायला शिकतो. पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून त्याला ढकलून देतात, आठ दिवसांत तो सूर मारायला लागतो, आणि पुढे जन्मभर त्याला वाटते की आपल्याला पोहता येते. येते, यात शंका नाही. पण त्याला पोहता येते ते उभ्या पाण्यात. विहिरीला काठ असतो, चारच हात मारले की दगड हाताला लागतो, आणि पाणी आपल्या जागेवरून हालत नाही. समुद्राचे पाणी सतत चालते असते. म्हणून अगदी न पोहणाऱ्यापेक्षा हा विहिरीतला पैलवान जास्त धोक्यात असतो. न पोहणारा घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून फोटो काढतो. हा मात्र छातीइतक्या पाण्यात जातो.

तेथे काय घडते ते नीट ऐका. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते सगळे पाणी परत कोठेतरी जायलाच हवे. वाळूच्या दांड्यामध्ये जेथे खोलगट फट सापडते, तेथून ते एका अरुंद पट्ट्याने, ओढ्यासारखे, वेगाने समुद्रात परत जाते. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे वरून तो भाग शांत दिसतो. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये गडद रंगाचे गुळगुळीत पाणी, असे दिसले की आपल्या माणसाला वाटते, 'वा, येथे लाटा नाहीत, येथेच उतरू.' नेमक्या त्याच जागी ओढ असते. पाय सुटले की मिनिटाभरात माणूस पन्नास-शंभर फूट आत गेलेला असतो. मग तो घाबरून किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतो. त्या प्रवाहाच्या तोंडावर पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. दमतो, आणि दमला की संपला.

करायचे काय? प्रवाहाशी भांडायचे नाही. उताणे पडून तरंगायचे, श्वास जागेवर आणायचा, एक हात वर करून मदत मागायची. अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे पोहायचे. तो पट्टा अरुंद असतो. त्याच्या बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणू लागतात. हा प्रवाह माणसाला आत ओढतो, पण खाली बुडवत नाही. बुडवते ती भीती आणि दमणूक. एवढे एक वाक्य जरी शिक्षकांनी सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात दहा वेळा म्हणून घेतले, तरी ते पावेल.

ओहोटीच्या वेळी आणि खाडीच्या मुखापाशी ही ओढ वाढते. तेव्हा ओहोटी केव्हा, हे ठाऊक हवे. कोकणातल्या कोळ्यांचा एक सोपा हिशेब आहे. तो आपल्या शेतकरी श्रोत्यांना आवडेल, कारण तिथी त्यांना तोंडपाठ असते. त्या दिवशीची तिथी घ्यायची, मग पक्ष शुद्ध असो की वद्य, आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. एकादशी घ्या. अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. एकादशीला सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती पुरी होते, आणि तेथून सहा तास, म्हणजे दुपारी सव्वादोनपर्यंत, पाणी मागे हटते. रात्री पुन्हा भरती. अष्टमीला हीच भरती सहा वाजता, पंचमीला पावणेचारला. हिशेब ढोबळ आहे, घड्याळ लावून बसू नका. पण किनाऱ्यावर पाय ठेवण्यापूर्वी पाणी चढते आहे की उतरते आहे, इतके तो नक्की सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे चढ-उतार मोठा. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती सौम्य. दर दिवशी ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, ती चंद्र रोज उशिरा उगवतो म्हणून. पाहा, फळ्यावरचा चंद्र आला की नाही उपयोगाला?

गोव्याच्या सरकारने २००८ सालापासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले आहेत. त्यांची निशाणे ओळखायला शिका. वर तांबडा आणि खाली पिवळा, असा दुरंगी झेंडा दोन ठिकाणी रोवलेला असतो. त्या दोन झेंड्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकाचा डोळा असतो. उतरायचे तर तेथेच. निव्वळ तांबडा झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, समुद्र खवळलेला असतो आणि पोहायला मनाई असते. नेमके त्याच दिवसांत लॉज स्वस्त मिळतात, म्हणून आपली पोरे त्याच दिवसांत जातात! जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की 'हा कोण आम्हाला सांगणार' असा तोरा दाखवणारे महाभाग मी स्वतः पाहिले आहेत. आणि अंधार पडल्यावर समुद्रात उतरणे म्हणजे झाकल्या डोळ्यांनी विहिरीच्या कठड्यावरून चालणे. बुडालात तरी किनाऱ्यावरच्या माणसाला दिसणार नाही.

धोका गोव्याच्याच पाण्यात आहे असे नाही. २०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींपैकी चौदा जण बुडाले. शिक्षक बरोबर असलेली सहल होती ती. नाव मोठे असले, सोबत मोठी माणसे असली, तरी पाण्याला त्याची ओळख नसते. बोटीच्या फेरीचेही तसेच. २०२४ च्या नाताळात कळंगुटच्या समुद्रात सहलीची बोट उलटून एकाचा प्राण गेला. तरंगण्याचे जाकीट नुसते खांद्यावर टाकून उपयोग नाही; त्याचे पट्टे आवळून बांधलेले असले पाहिजेत. बोटवाला जाकीट देत नसेल, किंवा जाकिटांपेक्षा माणसे जास्त कोंबत असेल, तर पैसे गेले तरी चालतील, उतरून या. आणि ते काळे खडक, ज्यांच्यावर उभे राहून सूर्यास्ताचा फोटो काढतात, त्यांच्यावरचे शेवाळ साबणासारखे असते.

आता दारू. रेडिओवरून दारूविषयी बोलायचे म्हणजे 'पिऊ नका' असे सांगून मोकळे व्हायचे, अशी रीत आहे. मीही तेच सांगतो, पिऊ नका. पण तेवढे सांगून माझे काम झाले असे मला वाटत नाही, कारण ज्याने ऐकायचे नाही असे ठरवले आहे त्याचाही जीव वाचायला हवा.

आपल्या महाराष्ट्रात कडक दारूसाठी पंचवीस वर्षे आणि बियरसाठी एकवीस वर्षे वय पुरे लागते, गोव्यात अठरा. म्हणजे जो मुलगा सोलापुरात दुकानात उभा राहू शकत नाही, त्याला तेथे कोणी अडवत नाही. सवय नाही, अंदाज नाही, आणि समोर काजूची फेणी. फेणी गोव्याची मोठी अभिमानाची चीज आहे, २००९ साली तिला भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदही मिळाली. पण ती सरबतासारखी पिण्याची चीज नव्हे. पिऊन पाण्यात उतरू नये, हे तर उघडच आहे. थंडीची जाणीव बोथट होते, खोलीचा अंदाज चुकतो, आणि 'मला काही होत नाही' ही भावना मात्र दुप्पट होते.

एखादा मित्र पिऊन बेशुद्ध पडला, तर 'झोपू दे, सकाळी उतरेल' असे म्हणून त्याला खोलीत टाकून जाऊ नका. उताणा झोपलेला माणूस ओकला तर ओकारी श्वासनळीत जाऊन गुदमरतो. त्याला कुशीवर वळवा, एकाने जवळ बसा. लिंबू, कॉफी, डोक्यावर गार पाणी यांनी काही होत नाही. हाक मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास अगदी सावकाश किंवा तुटक चालत असेल, अंग गार पडले असेल, तर १०८ ला फोन. पोलीस विचारतील, घरी कळेल, या भीतीने थांबू नका.

गाडीचे दोन शब्द. गोव्यात स्कूटर भाड्याने मिळते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी ही भाड्याने देण्याची परवानगी असलेली. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. अपघात झाला तर विम्याचे लफडे होते आणि निस्तरावे तुम्हाला लागते. गाडी घेण्यापूर्वी ब्रेक, दिवे पाहा आणि आधीच पडलेल्या ओरखड्यांचे फोटो काढा, म्हणजे परत देताना वाद नको. शिरस्त्राण दोघांनाही. दारू पिऊन गाडी चालवताना प्रथम सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि ही मर्यादा शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलीग्रॅम, म्हणजे फारच थोडी आहे. सोलापूरहून निघतानाही, रात्रभर गाडी मारून पहाटे घाट उतरण्याचा जो पराक्रम आहे तो टाळा. पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळा लागतो तो सांगून लागत नाही.

येताना गाडीच्या डिकीत बाटल्या भरून आणणारे शहाणे असतात. परवाना नसताना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. सरहद्दीवर नाके आहेत. आणि अमली पदार्थांची तर गोष्टच नको. कोणी अनोळखी माणूस काही पुडी, गोळी हातावर ठेवत असेल, किंवा 'हे जरा धर' म्हणून पिशवी देत असेल, तर हात खिशातच ठेवा. १९८५ चा कायदा कडक आहे. एका रात्रीच्या गंमतीसाठी नोकरीच्या आणि परदेशी शिक्षणाच्या वाटा बंद झालेली मुले आहेत.

रात्रीच्या नाचगाण्याच्या जागांविषयी एकच सांगतो. २०२५ च्या ६ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास हडफडे येथील एका क्लबला आग लागली आणि पंचवीस माणसे मेली. त्यांत बहुतेक तेथे राबणारे नोकर होते, दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले. पुष्कळांना धुराने घेरले. वाट अरुंद असल्यामुळे बंबांना जवळ जाता आले नाही. तेव्हा अशा ठिकाणी शिरल्याबरोबर बाहेर पडण्याची दुसरी वाट कोठे आहे ते आधी पाहा. ती नसेल, किंवा कुलूपबंद असेल, तर तेथे थांबू नका. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत आई मुलाला सांगते ना, 'चुकामूक झाली तर अमुक पाळण्यापाशी उभा राहा'? तसे सगळ्यांनी मिळून एक ठिकाण ठरवून ठेवावे. आणि रस्त्यावर 'चला, चांगली जागा दाखवतो' म्हणून मागे लागणाऱ्या दलालाबरोबर जाऊ नये. आत नेऊन दमदाटीने पैसे उकळण्याचे प्रकार झालेले आहेत.

मुलींना मी काय सांगू? त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात. आपला पेला नजरेआड करू नये, एकटीने कोणाला मागे टाकून निघू नये, हे त्या जाणतात. सांगायचे आहे ते मुलांना. किनाऱ्यावर पोहण्याच्या कपड्यांत बसलेली बाई, मग ती परदेशी असो की देशी, तुमच्या फोटोसाठी आलेली नसते. तिच्याभोवती घोळका करणे, न विचारता फोटो काढणे, हे गुन्ह्यात मोडते. आणि त्यात आपल्या गावाचेही नाव जाते. मोटारीच्या पाटीवरचा 'एम. एच. तेरा' सगळ्यांना वाचता येतो बरे.

हे सगळे फक्त आपल्याकडेच घडते असे मात्र समजू नका. ग्रीस देशात झाकिंथोस, कॉर्फू, इऑस अशी सुंदर बेटे आहेत. तेथे दर उन्हाळ्यात इंग्लंड आणि इतर देशांतली अठरा-एकोणीस वर्षांची पोरे परीक्षा संपवून अशीच झुंडीने जातात. भाड्याच्या चार चाकी मोटारसायकली, फुकटात मिळणारे पेले, सज्ज्यावरून पडणे, रात्रीचा समुद्र, सगळी यादी हीच. त्यांची सरकारे जाणाऱ्या पोरांसाठी सूचना छापतात, विमा काढून जा म्हणतात. वय अठरा असले की सोलापूर काय आणि लंडन काय! आपल्या मुलांचा एक जास्तीचा दोष एवढाच, की ती उन्हाला हसतात. 'आम्ही सोलापूरचे, बेचाळीस-त्रेचाळीस बघतो' असे म्हणतात. पण आपले ऊन कोरडे. घाम येतो आणि वाळतो, अंग निवते. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, उष्णता अंगातच राहते. पारा बत्तीस दाखवत असला तरी तेथे चक्कर येते. पाणी पीत राहावे आणि दुपारी सावलीत पडावे.

शेवटचा भाग शिक्षकांसाठी, आणि तो गोव्याइतकाच उजनीच्या जलाशयाला, चंद्रभागेला, कालव्याला आणि गावातल्या विहिरीला लागू आहे.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायलाच फुरसत नसते. तोंड पाण्याशी वर-खाली होते, डोके मागे पडते, हात शिडी चढल्यासारखे पाणी दाबतात, आणि हे सारे निमूटपणे चालते. असा कोणी दिसला तर त्याच्या मागे उडी टाकू नका. तो मिठी मारतो आणि दोघे जातात. एका पाठोपाठ एक असे तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. काठावर आडवे पडून काठी पुढे करा, लुगडे फेका, दोर फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका.

बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार खेड्यात अजून चालतात. ते करू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि ओकारी छातीत उतरते. त्याला उताणे ठेवा. श्वास चालत नसेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून, तोंडाने तोंडात आधी फुंकर घाला, छाती फुगते आहे ना ते पाहा. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोराने तीस वेळा दाबा, पुन्हा दोन फुंकरी, पुन्हा तीस. दाबण्याचा वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ किंवा ११२ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही. दमलात तर हात बदला. तो शुद्धीवर येऊन 'मी बरा आहे' म्हणाला तरी इस्पितळात न्यायचाच, कारण छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होतो. हे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना बोलावून एकदा शाळेत करून दाखवता येते. उशी घेऊन मुले ते तासाभरात शिकतात.

आणि गावात जेथे मुले पोहतात त्या विहिरीवर, बांबूच्या खुंटीला, चाळीस फुटांचा एक दोर आणि त्याच्या टोकाला पाच लिटरचा बूच लावलेला रिकामा कॅन बांधून ठेवावा. खर्च फार नाही. एवढेच, की तो दोर कोणी बैल बांधायला नेऊ नये म्हणून सरपंचाने जरा लक्ष ठेवावे.